एकशे चौसष्ट मीटर

त्याच्या सायकलच्या दुकानात कुणी नुसती हवा भरायला आला, तरी तो आधी टायरचा दाब मोजायचा, आकडा गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि मगच पंपाला हात लावायचा. गिऱ्हाईक कंटाळायचं. तो कंटाळायचा नाही. "अंदाजाने भरलेली हवा अंदाजानेच दगा देते," असं म्हणून तो गुडघा टेकून बसायचा. सारं शहर त्याला इंचमामा म्हणायचं. खरा मामा तो एकाच पोरीचा होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

बावीस वर्षांपूर्वी या शहरात पहिल्यांदा एकवीस किलोमीटरची शर्यत ठरली, तेव्हा रस्ता मोजायला बाहेरगावचा एक माणूस सायकलवर आला होता. त्याचं पुढचं चाक इंचमामाच्या दारात बसलं. चाकाच्या आसाला एक पितळी डबी होती, चाक फिरेल तसे तिच्यातले आकडे पुढे सरकायचे. इंचमामाने पंक्चर काढलं, पण त्या माणसाला दोन तास सोडलं नाही. पुढे दोन वर्षांनी तो स्वतः परीक्षा देऊन मोजणीदार झाला. सातवी शिकलेल्या माणसाचं ते प्रमाणपत्र दुकानात काचेखाली लागलं, आणि त्या दिवसापासून या शहरातली एकही शर्यत त्याच्या सहीवाचून धावली नाही.

ते काम बघण्यासारखं असे. गोदामामागच्या सरळ रस्त्यावर त्याने पोलादी टेपने तीनशे मीटर मोजून दोन खिळे ठोकले होते. मोजणीच्या दिवशी पहाटे तो त्या खिळ्यांमध्ये चार फेऱ्या मारायचा आणि डबीचे आकडे टिपायचा. मग खरा रस्ता. परत आल्यावर पुन्हा चार फेऱ्या, कारण ऊन चढलं की टायर फुगतं आणि तेच तीनशे मीटर चाकाला कमी वाटू लागतात. वळणावर तो आतल्या कडेपासून फूटभर अंतर ठेवून जायचा, कारण पळणारा माणूस तिथूनच जातो. पळणारा जिथून जाईल तोच रस्ता, बाकी नुसतं डांबर. शेवटी हजार मीटरमागे एक मीटर जादा धरायचा, म्हणजे शर्यत चुकून लांब होईल, तोकडी कधीच नाही. सगळं वहीत जायचं: तारीख, वेळ, हवेची उष्णता, आकडे. वहीची पानं त्याने स्वतःच्या हाताने क्रमाने आकडे टाकून ठेवलेली. वीस वर्षांच्या अकरा वह्या झाल्या होत्या, आणि एक पान फाटलेलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी शर्यतीत पर्यटन कार्यालय शिरलं. वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. क्रीडा संघटनेकडे धावणारे होते आणि शिट्ट्या होत्या, पर्यटनवाल्यांकडे खोल्या होत्या, बस होत्या आणि रंगीत कागद होते. तीनशे धावणाऱ्यांचे बाराशे झाले. माणूस एकटा येईना, बायकापोरं घेऊन येऊ लागला, शर्यत रविवारची असली तर शुक्रवारीच उतरू लागला. तळ्याकाठच्या हॉटेलवाल्याने शर्यतीच्या आठवड्यात पहाटे चारला नाश्ता ठेवायला सुरुवात केली. इंचमामाच्या दुकानातही भाड्याच्या सायकली उरेनात. तो खूश होता.

मग यंदा पर्यटन कार्यालय चालवणाऱ्या बाईंना शर्यतीचा शेवट तळ्यासमोर हवा झाला. शाळेच्या मैदानावर शेवट केला की फोटोत मागे शाळेची मुतारी येते, असं त्यांचं म्हणणं. हॉटेलच्या पायऱ्यांपुढे शेवट केला तर मागे पाणी, डोंगर, सगळं येईल. बैठक त्यांच्याच खोलीत झाली, गार हवेच्या यंत्राखाली. संघटनेचा सचिव बाईंच्या शेजारी बसला होता. हा सचिव आणि इंचमामा शाळेत एका बाकावरचे. इंचमामा दाराजवळच्या खुर्चीवर.

"रस्ता बदलला म्हणजे पुन्हा मोजावा लागेल," इंचमामा म्हणाला. "मला दोन पहाटा द्या आणि एक पोलीस गाडी."

"काही गरज नाही," सचिव म्हणाला. "तळ्याकाठी पर्यटनने अंतराचे दगड बसवलेत की. दर शंभर मीटरला एक. हिशेब मी लावलाय. शेवट बरोबर पायऱ्यांपाशी येतो, जणू देवानेच आखलाय."

"ते दगड फिरायच्या वाटेवर आहेत. ती वाट पाण्याच्या कडेने, पोट काढत जाते. पळणारे आतल्या रस्त्याने जाणार. दोन्हींत फरक पडतो."

बाईंनी सचिवाकडे पाहिलं. "आम्हाला वाटलं, संघटनेने तपासलं असेल."

"आम्हाला वाटलं, तुमचे दगड म्हणजे सरकारी माप," सचिव हसत म्हणाला, आणि बाईही हसल्या. मग तो इंचमामाकडे वळला. "अरे, हे बघ. आता ही शर्यत मोठी झालीय. तीन जिल्ह्यांत जाहिरात गेलीय. तू पंक्चर काढतोस ना, ते झकास काढतोस. पंक्चरवाल्याने पंक्चर काढावं. रस्त्याचं आम्ही बघतो."

त्याच्याशिवाय खोलीत सात माणसं होती. सातही जणांनी पाण्याच्या ग्लासात बघितलं. इंचमामा उठला, खुर्ची आवाज न करता मागे सारली आणि घरी आला. मामीने जेवायला वाढलं. तो जेवला. ताटातलं काही त्याला दिसलं नाही.

एवढ्यावर तो कदाचित थांबला असता. पण शर्यतीच्या महिनाभर आधी पर्यटनचं पुस्तक छापून आलं, गुळगुळीत कागदाचं. मधल्या पानावर नव्या रस्त्याचा नकाशा होता आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, रस्ता प्रमाणित, आणि त्याखाली इंचमामाची सही. गेल्या वर्षीच्या दाखल्यावरची. सचिवाने जुना दाखला नव्या नकाशाला जोडून वरच्या महासंघाकडे अर्जही केला होता आणि मान्यता आणली होती. निवडीची वेळही याच शर्यतीत धरली जाणार होती: बायकांसाठी एक तास चोवीस मिनिटं. त्याच्या आत येईल ती थेट राष्ट्रीय शिबिरात.

इंचमामाने ते पान काउंटरवर ठेवलं आणि सहीवर बोट फिरवलं. सही त्याचीच होती. 'म'चा काना त्याच्या सवयीप्रमाणे खाली ओढलेला. वीस वर्षांत एका फुटाने न चुकलेला माणूस कुणाच्या तरी फोटोसाठी खोटा ठरला होता, आणि त्याला ते सोन्याच्या शाईत छापून मिळालं होतं.

शर्यतीला दहा दिवस राहिले असताना त्याने पहाटे सायकल बाहेर काढली. पोलीस गाडी नाही, झेंडे नाहीत. गोदामामागे चार फेऱ्या, मग अख्खा रस्ता, मग पुन्हा चार फेऱ्या. तळ्याकाठी जाताना ब्याऐंशी मीटर कमी, येताना ब्याऐंशी कमी. एकशे चौसष्ट. सुरुवातीची रेष मागे पेट्रोल पंपापर्यंत नेली असती तर सगळं सरळ झालं असतं. चुन्याची एक पिशवी, अर्ध्या तासाचं काम.

त्याने वहीत तारीख टाकली, आकडे लिहिले, वही मिटली. आणि त्याच्या आत एक थंड, गोड गोष्ट आकाराला आली. आत्ता सांगितलं तर सचिव म्हणेल, "बरं झालं बाबा सांगितलंस," रेष मागे नेईल आणि मंचावर मिरवेल. शर्यतीनंतर सांगितलं तर बाराशे माणसांच्या वेळा रद्द होतील. महासंघाचे लोक येतील. जुना दाखला कुणी चिकटवला ते विचारतील. सचिव पुन्हा कुठल्याच खुर्चीवर बसणार नाही. महासंघाला धाडायचं पत्र त्याने त्याच दिवशी लिहून काढलं. वरची तारीख तेवढी कोरी ठेवली.

संध्याकाळी टिटवी आली. त्याची भाची. लहानपणापासून काटकुळ्या पायांवर धूम ठोकायची म्हणून ते नाव. वय चौतीस, सरकारी दवाखान्यात रक्त तपासण्याचं काम, आणि पहाटे साडेचारला धावणं. आई लवकर गेली तेव्हापासून मामाकडेच वाढली होती, आता दोन गल्ल्या पलीकडे राहायची. पस्तिशीनंतर शिबिराचं दार बंद होतं.

"मामा, यंदाचा रस्ता कसा आहे रे?" तिने चपला काढता काढता विचारलं.

इंचमामा चाकाच्या तारा ताणत होता. मान वर न करता म्हणाला, "वेगवान आहे."

"चोवीसच्या आत होईल का माझं?"

"तुझी चांगल्यातली चांगली वेळ किती?"

"पंचवीस मिनिटं दहा सेकंद."

"मग सत्तर सेकंद कमी करायचेत. सोपं नाही."

"भाचीला धीर देणं म्हणजे मामाला पाप वाटतं," ती मामीला म्हणाली.

"त्यांना विचारू नकोस," मामी म्हणाली. "लग्नात माझ्या गळ्यातला हार सुद्धा लांब-तोकडा आहे का बघत होते."

तिघंही हसली. इंचमामाही. मनात त्याने हिशेब केला होता: पोरगी गुणाची आहे, पण एवढं तिच्याने होणार नाही. बाहेरच्या दोघी-तिघी चोवीसच्या आत येतील, बुडालं तर त्यांचं बुडेल. त्या कोण, कुठल्या, त्याला काय. डांबराचा फूट न् फूट ओळखणाऱ्या माणसाने घरातल्या पोरीला मात्र नजरेनेच मोजलं, आणि तिथे तो चुकला.

रविवारी तळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. हॉटेलच्या गच्चीवर छत्र्या, खाली ढोल-ताशासारखा काहीतरी यंत्राचा धडधडाट, पर्यटनची पोरं निळे सदरे घालून पाणी वाटत होती. इंचमामा पायऱ्यांच्या बाजूला उभा होता. पहिल्या दोन बायका बाहेरच्या आल्या. मग वळणावर निळी पट्टी बांधलेलं डोकं दिसलं, आणि त्याखाली ते काटकुळे पाय. ती अशी पळत होती की जणू मागून कुणी तिचं नाव पुसत येतंय. घड्याळात एक तास, तेवीस मिनिटं, अठरा सेकंद.

ती रेषेच्या पलीकडे गुडघ्यांवर बसली. मग उठून मामाला शोधत आली आणि घामाने ओली मान त्याच्या खांद्यावर टाकली. "झालं रे," एवढंच म्हणाली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. हात लाकडाचा झाला होता.

त्या क्षणी तो वळला असता. घरी जाऊन त्याने ते पत्र चुलीत घातलं असतं. कुणाला कधी कळलं नसतं, कारण तक्रार आल्याशिवाय महासंघ कधी मोजायला येत नाही. पण सचिवाच्या हातात ध्वनिक्षेपक होता.

"आणि हा आमचा रस्ता," सचिव मंचावरून म्हणत होता, "इंच न् इंच अचूक. कारण त्यावर आमच्या इंचमामांची सही आहे. या, मामा, वर या." लोकांनी वाट करून दिली. सचिवाने त्याला जवळ ओढलं, तळ्याचं चित्र असलेली एक किल्लीची कडी त्याच्या तळहातावर ठेवली आणि ध्वनिक्षेपक बाजूला करून कानाशी म्हणाला, "बघितलंस? तुझ्यावाचून काही अडलं नाही."

सोमवारी सकाळी इंचमामाने पत्रावर तारीख टाकली आणि ते पोस्टात टाकलं. पेटीच्या तोंडाशी त्याने ते क्षणभर धरून ठेवलं होतं, टिटवीचं तोंड डोळ्यांपुढे आलं म्हणून. मग सचिवाचं तोंड आलं. त्याने बोटं सोडली.

तीन आठवड्यांनी महासंघाचे दोघे मोजणीदार आले, त्यांनी रस्ता मोजला, आणि त्याच खोलीत, त्याच गार यंत्राखाली सगळ्यांना बोलावलं. पर्यटनच्या बाई, सचिव, इंचमामा, आणि वेळ धोक्यात आलेली धावपटू म्हणून टिटवी. ती मामाच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती, त्याच्याच बाजूची म्हणून.

"रस्ता एकशे चौसष्ट मीटर तोकडा आहे," थोरला मोजणीदार म्हणाला. टिटवीने डोळे मिटले. "आता प्रश्न असा, की दाखल्यावर सही यांची आहे."

"तेच तर," सचिव लगेच म्हणाला. "यांनीच मोजून दिला. आम्ही विश्वास ठेवला. वय झालं माणसाचं, होते चूक."

इंचमामाला हे अपेक्षित होतं. त्याने पिशवीतून अकरावी वही काढली. तिच्यावाचून सचिव सुटत होता. तिच्यात काय लिहिलंय तेही त्याला पाठ होतं. घरून निघण्याआधी ते एक पान त्याने खूप वेळ बघितलं होतं. ते फाडता येत नव्हतं, पानांना क्रम होता. खोडता येत नव्हतं, शाई होती. आणि खरं सांगायचं तर खोडायचा विचार मनात आला तेव्हा त्याला स्वतःची किळस आली होती, सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच.

मोजणीदाराने पानं चाळली. "या वहीत एकही मोजणी सुटलेली नाही," तो आपल्या जोडीदाराला म्हणाला. "अर्ज गेला शर्यतीच्या दोन महिने आधी. तोवर यांनी हा रस्ता मोजलेलाच नाही. म्हणजे दाखला जुनाच आहे, नकाशा मागून चिकटवलाय." त्याने सचिवाकडे पाहिलं. सचिवाच्या कपाळावर गार हवेतही पाणी आलं. इंचमामाने ते पाहिलं आणि सात माणसांच्या त्या बैठकीचं देणं फिटल्यासारखं त्याला वाटलं.

"नव्या रस्त्याची पहिली मोजणी ही," मोजणीदार पुढे वाचू लागला. "पहाट, साडेचार. उष्णता अठरा. कमी, एकशे चौसष्ट." तो थांबला. "ही तारीख शर्यतीच्या दहा दिवस आधीची आहे."

"हो," इंचमामा म्हणाला.

"मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?" सचिव ओरडला. बुडत्या माणसाला हाताशी काहीतरी लागलं होतं.

"पंक्चरवाल्याला कुणी विचारलं नाही."

हे उत्तर त्याने महिनाभर घोळवलं होतं. ते ठरवलं होतं तसंच तोंडातून निघालं, सचिवाच्या वर्मी लागलं, बाईंनी मान खाली घातली. पण शेजारची खुर्ची सरकली. टिटवी उठली होती. तिने वही स्वतःकडे ओढली, तारीख स्वतः वाचली, पुन्हा वाचली आणि निघून गेली.

सचिव गेला. संघटनेच्या दारावरची त्याच्या नावाची पाटी उतरवली जात असताना इंचमामा मुद्दाम तिकडून गेला, सायकलवरून उतरला आणि चारही स्क्रू निघेपर्यंत उभा राहिला. पर्यटनच्या बाईंची बदली झाली. दोन्ही कार्यालयांनी नवा करार केला आणि त्यात पहिलंच कलम घातलं, की मोजणी झाल्याशिवाय एकही कागद छापायचा नाही. नव्या सचिवाने स्वतः दुकानात येऊन, उभ्या उभ्या, त्याला मोजणीचं पत्र दिलं. महिनाभर इंचमामा छाती काढून चालला. माणसाला हवं ते सगळं मिळालं की चेहरा कसा दिसतो, ते त्या दिवसांत बघून घ्यावं.

मामी मात्र वाढताना बोलेनाशी झाली होती. एकदाच म्हणाली, "अहो, ती आली नाही महिन्यात." त्याने पाणी मागितलं.

मग एका रविवारी सकाळी सातला टिटवी दुकानाच्या दारात उभी राहिली. घामाने निथळत होती, छाती भात्यासारखी हलत होती.

"टेप घे," ती म्हणाली. "आणि घड्याळ."

"आत तरी ये. पाणी पी."

"एकवीस करून आलेय. थांबले तर पाय थंड पडतील. तळ्यावर चल."

तो सायकलवर आणि ती बाजूने पळत, अशी दोघं हॉटेलच्या पायऱ्यांपाशी आली. तिथे कुणी नव्हतं. एक माळी पाणी घालत होता. "इथून पुढे एकशे चौसष्ट मोज," ती म्हणाली, आणि तो टेप सोडत गेला तेवढा वेळ ती जागच्या जागी पाय हलवत राहिली. त्याने खडूची रेघ मारली. सवयीने पुन्हा एकदा मोजली. ती हसली नाही.

"सोड," ती पायऱ्यांपासून ओरडली. त्याने हात खाली केला, घड्याळाची कळ दाबली.

ती आली. एकवीस किलोमीटर पायांत असलेली बाई जशी पळेल तशी, दात आवळून, खांदे वाकडे करून. रेघ ओलांडून चार पावलांवर थांबली आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"किती?"

घड्याळ त्याच्या हातात होतं. ती दहा हात दूर होती, तिला आकडा दिसत नव्हता. पंचेचाळीस म्हणता आलं असतं. पन्नास म्हणता आलं असतं. मग तिची वेळ तशीही हुकली असती आणि त्याच्या डोक्यावरचं ओझं निम्मं उतरलं असतं. त्याने आकडा एकदा बघितला, पुन्हा बघितला.

"एकोणचाळीस," तो म्हणाला.

"चोवीसला माझ्याकडे बेचाळीस सेकंद होते," टिटवी म्हणाली.

माळ्याने नळी दुसऱ्या वाफ्यात टाकली. तिने खडूची रेघ पायाने पुसली, अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "मामीला सांग, आज जेवायला येते," ती म्हणाली. "तिच्यासाठी येते."

आणि ती तळ्याकाठच्या रस्त्याने, आतल्या कडेपासून फूटभर अंतर ठेवून, चालत निघून गेली.